सहीचा कागद आणि दिलेला शब्द

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला सांगितलं, "शाळेच्या आठवणी पुष्कळ येणार आहेत, तू जरा वेगळं लिही." म्हणून बाकांवरच्या करामती आणि बाईंचा मार हे विषय इतर मित्रमैत्रिणींवर सोपवतो आणि माझ्या छंदाबद्दल लिहितो. विषय इतिहासाचाच असल्यामुळे आपल्या इतिहासाच्या बाईंना तो आवडावा, अशी आशा आहे.

मी जुने आर्थिक कागद जमवतो. शेअर सर्टिफिकेट, कर्जरोखे, नोटा, देणग्यांच्या पावत्या. त्यातही ज्यांच्यावर एखाद्या राजकीय नेत्याची सही आहे असे. जुने शेअर आणि कर्जरोखे जमवण्याच्या छंदाला 'स्क्रिपोफिली' असं एक भारदस्त नाव आहे. युरोप-अमेरिकेत तो १९७० च्या दशकात चांगलाच रुजला. आपल्याकडे नाणी आणि टपाल तिकिटं जमवणारे गावोगाव भेटतात, त्या मानाने कागद जमवणारे कमी. घरात मात्र याला 'रद्दीचा नाद' असंच म्हणतात.

सुरुवात नोकरीत झाली. १९८३ साली मी बँकेत कॅशियर म्हणून लागलो. दिवसभर नोटा मोजायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या, गड्ड्या बांधायच्या. हजारो नोटा हाताखालून गेल्या की माणूस चित्र पाहायचं सोडतो आणि बारीक अक्षरं वाचायला लागतो. तेव्हाच्या कोऱ्या नोटांवर गव्हर्नर म्हणून मनमोहन सिंग यांची सही असायची. हे गृहस्थ पुढे अर्थमंत्री आणि मग पंतप्रधान होतील हे तेव्हा आम्हा कॅशियर मंडळींच्या स्वप्नातही नव्हतं. पण सहीच्या वरचं वाक्य मात्र मनात बसलं : धारकाला इतके रुपये अदा करण्याचं मी वचन देतो.

वहीत घेतलेली सही आणि ही सही यांत हाच फरक आहे. वहीतली सही म्हणजे नुसती ओळख. आर्थिक कागदावरच्या सहीच्या वर रक्कम असते, तारीख असते आणि आपण देणं लागतो अशी कबुली असते. नेत्याचं भाषण लोक विसरतात, कागद कपाटात राहतो. म्हणून असा कागद हाती आला की मी आधी एकच प्रश्न विचारतो : हा शब्द पाळला गेला का?

याचं पहिलं उदाहरण अमेरिकेतलं. रॉबर्ट मॉरिस हे फिलाडेल्फियाचे बडे व्यापारी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि पुढे राज्यघटनेवरही त्यांची सही आहे. १७८१ साली स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना सरकारी तिजोरी रिकामी होती आणि काँग्रेसने काढलेल्या कागदी पैशाला कोणी विचारत नव्हतं. तेव्हा अर्थखात्याची सूत्रं मॉरिस यांच्याकडे आली. त्यांनी स्वतःच्या सहीच्या, स्वतःच्या पतीवरच्या नोटा काढल्या आणि लोकांनी त्या घेतल्या. सरकारपेक्षा एका व्यापाऱ्याच्या सहीला जास्त किंमत होती! वॉशिंग्टन यांचं सैन्य यॉर्कटाउनला पोचून निर्णायक लढाई जिंकलं, त्याच्या खर्चात या पतीचा मोठा वाटा होता.

संग्राहकांना हवाहवासा वाटणारा मॉरिस यांचा कागद मात्र याच्या पुढचा आहे. १७९५ साली त्यांनी दोन भागीदारांसह 'नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी' काढली. सहा राज्यांमधली सुमारे साठ लाख एकर जमीन, शंभर डॉलरचा एक शेअर आणि वर्षाला सहा टक्के लाभांशाची हमी. शेअर सर्टिफिकेटवर अध्यक्ष म्हणून मॉरिस यांनी शाईने सही केलेली असे. जमिनीला गिऱ्हाईक येईना, कर्जं थकली आणि फेब्रुवारी १७९८ मध्ये ज्या माणसाने देशाची पत सांभाळली होती तो कर्जदारांच्या तुरुंगात गेला. त्याच वर्षी वॉशिंग्टन त्यांना भेटायला तुरुंगात गेले आणि तिथेच त्यांच्यासोबत जेवले. दिवाळखोरीचा नवा कायदा झाल्यावर १८०१ साली मॉरिस सुटले. सही तीच, माणूसही तोच. एका कागदाने देश तारला, दुसऱ्याने माणूस बुडवला. हा शेअर माझ्या पेन्शनच्या आवाक्यातला नाही, त्यामुळे मी त्याच्या छायाचित्रावर समाधान मानलं आहे.

दुसरं उदाहरण हंगेरीचं. १८४८-४९ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध हंगेरीत क्रांती झाली. लायोश कोशुत हे तिचे नेते. रशियाच्या फौजा ऑस्ट्रियाच्या मदतीला आल्या, क्रांती चिरडली गेली आणि कोशुत यांना देश सोडावा लागला. १८५१ च्या अखेरीला ते अमेरिकेत पोचले. तिथे त्यांच्या सभांना तोबा गर्दी झाली. नव्या लढ्यासाठी पैसा हवा म्हणून १८५२ साली 'हंगेरियन फंड'च्या नावाने डॉलरमधले कागद काढले गेले. खाली सही कोशुत यांची. दिसायला ते हुबेहूब बँकेच्या नोटेसारखे. पैसे परत मिळणार होते, पण स्वतंत्र हंगेरीचं सरकार स्थापन झाल्यानंतर. म्हणजे देणेकरी असं एक राज्य, जे अजून जन्मालाच यायचं होतं.

ते राज्य काही आलं नाही. पण कोशुत यांनी हार मानली नाही. काही वर्षांनी त्यांनी लंडनच्या एका छापखान्यात हंगेरीच्या भावी राष्ट्रासाठी नोटांचा प्रचंड साठा छापून घेतला. ऑस्ट्रियाच्या सम्राटाला सुगावा लागला. त्याने सैन्य पाठवलं नाही, तर वकील पाठवला. १८६१ साली सम्राट विरुद्ध छापखाना आणि कोशुत असा खटला चक्क इंग्लंडच्या कोर्टात उभा राहिला. हंगेरीचं चलन काढण्याचा अधिकार त्या वेळच्या राजसत्तेचा, असा निकाल लागला आणि त्या नोटा नष्ट करण्यात आल्या. छापील कागदाला सम्राट किती घाबरू शकतो, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. कोशुत मायदेशी परतले नाहीत. १८९४ साली इटलीत तुरिन इथे त्यांचं निधन झालं. अमेरिकेत ज्यांनी ते कागद घेतले त्यांच्याकडे उरली ती फक्त सही.

तिसरं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं, ते आयर्लंडचं. १९१९ साली आयरिश नेत्यांनी डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवून प्रजासत्ताक जाहीर केलं. ब्रिटिशांच्या लेखी ते बंड होतं. या भूमिगत सरकारचे अर्थमंत्री होते मायकेल कॉलिन्स. सरकारी कर्जरोखे विकण्यासाठी त्यांनी एक छोटा चित्रपट काढून घेतला. त्यात ते टेबलाशी बसून रोखे देताना दिसतात. ते टेबल म्हणजे, १८०३ च्या उठावाचे नेते रॉबर्ट एमेट यांचा ज्यावर शिरच्छेद झाला तो लाकडी ठोकळा, असं सांगितलं जाई. कर्जरोख्याची जाहिरात इतक्या गंभीरपणे क्वचितच कोणी केली असेल.

त्याच वेळी एमन डी व्हॅलेरा अमेरिकेत फिरत होते. १९२० साली त्यांनी तिथल्या आयरिश लोकांना दहा डॉलरपासून पुढच्या रकमांची प्रमाणपत्रं विकली. त्यांना कर्जरोखे म्हणण्याचं टाळून 'रोख्याचं प्रमाणपत्र' म्हटलं गेलं, कारण अमेरिकेने आयरिश प्रजासत्ताकाला मान्यताच दिली नव्हती. ब्रिटिश सैन्य देशातून गेलं की प्रमाणपत्र बदलून खरा रोखा मिळेल आणि त्यावर पाच टक्के व्याज सुरू होईल, अशी अट त्यावर छापली होती. पन्नास लाखांहून जास्त डॉलर जमले. देणारे मोठे भांडवलदार नव्हते. घरकाम करणाऱ्या मुली, गोदीतले मजूर, पोलीस, ट्राम चालवणारे अशा लोकांनी दहा-दहा, पंचवीस-पंचवीस डॉलर दिले. त्याच दौऱ्यात, फेब्रुवारी १९२० मध्ये, डी व्हॅलेरा यांनी न्यूयॉर्कला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देणारं भाषणही केलं होतं.

पुढे आयरिश नेत्यांमध्येच फूट पडली, यादवी युद्ध झालं आणि न्यूयॉर्कच्या बँकांत उरलेल्या पैशांवर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला. १९२७ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने निकाल दिला : पैसे ना या बाजूचे ना त्या बाजूचे, ज्यांनी दिले त्यांना परत करा. तेव्हा डी व्हॅलेरा यांनी प्रमाणपत्रधारकांना विनंती केली की तुमचा हक्क माझ्या नावे करा, मला वृत्तपत्र काढायचं आहे. बऱ्याच जणांनी ते केलं आणि १९३१ साली 'आयरिश प्रेस' हे दैनिक निघालं. १९३२ साली डी व्हॅलेरा सत्तेवर आले. १९३३ साली त्यांच्या सरकारने कायदा करून उरलेलं देणं फेडायला घेतलं, मूळ एका डॉलरमागे एकूण सव्वा डॉलर या हिशेबाने. यात त्यांच्याच वृत्तपत्राचा फायदा झाला, अशी टीका विरोधकांनी केली आणि ती निराधार नव्हती. पण दहा डॉलर देणाऱ्या मोलकरणीला तेरा वर्षांनी का होईना, पैसे परत मिळाले हेही तितकंच खरं. माझ्या संग्रहात दहा डॉलरचं असं एक प्रमाणपत्र आहे. ते परत करून पैसे घेतले गेले नाहीत, म्हणूनच ते माझ्यापर्यंत पोचलं. कोणीतरी ते देवासारखं जपून ठेवलं असणार.

आपल्याकडे काय झालं? स्वातंत्र्याच्या चळवळीत आपल्या नेत्यांनी लोकांकडून पैसे घेतले ते बहुधा कर्ज म्हणून नव्हे, देणगी म्हणून. 'पैसा फंड' अंताजी दामोदर काळे यांनी सुरू केला आणि लोकमान्यांनी त्याला बळ दिलं. माणशी वर्षाला एक पैसा. त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लोकमान्यांच्या निधनानंतर १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांचा संकल्प सोडला गेला आणि तो पुरा झाला. देणगीच्या पावतीवर परतफेडीचं वचन नसतं. त्यामुळे आपल्या पावत्या संग्राहकांच्या बाजारात फारशा भाव खात नाहीत. माझ्या मते त्यांची योग्यता मोठी आहे, कारण देणाऱ्याने काहीच परत मागितलं नव्हतं.

कंपन्या आणि बँका मात्र निघाल्या, आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून नेत्यांनी आपलं नाव त्यांना दिलं. लाहोरला पंजाब नॅशनल बँक उभी करण्यात लाला लजपतराय होते. १९११ साली मुंबईत सेंट्रल बँक ऑफ इंडिया निघाली तेव्हा पहिले अध्यक्ष होते सर फिरोजशहा मेहता. दक्षिणेत तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. पंचवीस रुपयांचा एक असे चाळीस हजार शेअर, भांडवल दहा लाख. टिळकांना गुरू मानणारा हा माणूस जहाजं मिळवायला मुंबईला आला आणि 'गॅलिया' आणि 'लावो' ही दोन जहाजं कंपनीने मिळवली. तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर ब्रिटिश कंपनीने भाडं पाडून पाडून स्पर्धा केली. १९०८ साली पिल्ले यांना राजद्रोहासाठी अटक झाली, तुरुंगात त्यांना तेलाचा घाणा ओढायला लावला आणि १९११ पर्यंत कंपनी बुडाली. 'गॅलिया' जहाज विकलं गेलं ते त्याच प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीला. इथे शब्द पाळला गेला नाही, पण तो मोडणारा हात सही करणाराचा नव्हता. कागद वाचताना हा भेद करावा लागतो.

आता आपल्या गावाजवळ येतो. रायगडाच्या सहलीला जाताना एस.टी.च्या खिडकीतून आपण सगळ्यांनी नाते गाव पाहिलेलं आहे. त्या नात्यात १८९६ साली चिंतामणराव देशमुख जन्मले. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले, जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवली, पुढे आय.सी.एस.ला पहिले आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या दोन, पाच, दहा आणि शंभरच्या नोटांवर 'सी. डी. देशमुख' ही सही आहे. राजाचा मुखवटा इंग्लंडचा आणि खाली वचन देणारा नात्याचा!

या सहीची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. ३० जून १९४८ पर्यंत त्यांचं चलनाचं काम रिझर्व्ह बँकच पाहत होती. तोवर भारतीय नोटांवरच इंग्रजी आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' अशी अक्षरं छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. नोटा नाशिकच्या छापखान्यातल्या आणि सही देशमुखांची. लोक एकमेकांची घरं जाळत होते त्या काळात लाहोर-कराचीच्या बाजारात वाण्याच्या गल्ल्यात कोकणातल्या माणसाची सही होती आणि ती चालत होती.

देशमुख पुढे १९५० साली केंद्रात अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत ते आपल्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करायचं ठरलं तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या सहीची नोट हातात घेतो तेव्हा मला हा राजीनामाही आठवतो. तोही एक सहीचाच कागद, फक्त त्यावर रक्कम नव्हती.

एक रुपयाच्या नोटेची गंमत वेगळी. ती रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते. तिच्यावर अर्थखात्याच्या सचिवाची सही असते आणि 'वचन देतो' हे वाक्य नसतं. १९५७ च्या एक रुपयाच्या नोटेवर एच. एम. पटेल यांची सही सापडते. हेच पटेल १९७७ साली जनता सरकारात अर्थमंत्री झाले. आपण दहावीच्या अभ्यासाला जुंपलो होतो तेव्हा, १६ जानेवारी १९७८ ला, हजार, पाच हजार आणि दहा हजारच्या नोटा रद्द झाल्या, त्या त्यांच्याच कारकिर्दीत. आपल्यापैकी कोणी त्या नोटा पाहिल्याही नव्हत्या, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. पण नोटेवरचं वचन सरकार एका वटहुकुमाने मागे घेऊ शकतं, हे बँकेत लागण्याआधीच मला तेव्हा कळलं.

आता थोडं व्यवहाराचं. हाताने केलेली सही आणि छापलेली सही यांत किमतीचा जमीन-अस्मानाचा फरक असतो. आजच्या नोटांवरची सही छापलेलीच असते. हजारो प्रमाणपत्रं काढायची असली की तिथेही साच्याची सही येते. भिंगाखाली पाहिलं की शाईची सही कागदाच्या धाग्यांत किंचित पसरलेली दिसते आणि वळणावर गडद-फिकी होते; छापलेली सगळीकडे सारखीच. एकाच नेत्याच्या दोन सह्या तंतोतंत जुळल्या तर खूश होऊ नका, संशय घ्या. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, इस्त्री फिरवू नका, टाचणी आणि स्टेपल काढून टाका. पंचाहत्तर वर्षांहून जुना ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो, त्यामुळे परदेशातल्या नातवाला पाठवण्याआधी चौकशी करा. आणि जुनं शेअर सर्टिफिकेट सापडलं तर ते शोभेचं समजण्याआधी कंपनी अजून चालू आहे का ते पाहा. माझ्या नोकरीत मी असे 'शोभेचे' शेअर वारसांच्या नावावर चढून चांगले पैसे मिळाल्याचं पाहिलं आहे.

इतकी वर्षं कागद चाळल्यावर एक गोष्ट मला पटली आहे. बाजारात किंमत ठरते ती सही करणाऱ्याच्या नावावरून. पण बऱ्याच कागदांवर दुसरंही एक नाव असतं, पैसे देणाऱ्याचं. ते सहसा कारकुनाने घाईघाईत लिहिलेलं असतं आणि त्याची कोणी दखल घेत नाही. नेत्यांची चरित्रं लिहिली गेली आहेत, पुतळे उभे आहेत. त्या दुसऱ्या नावाचा इतिहासातला एकमेव पुरावा कदाचित तो एक कागदच असतो. अमुक साली अमुक माणसाने आपल्या तुटपुंज्या कमाईतून एका न झालेल्या देशावर विश्वास ठेवला, एवढंच तो सांगतो. माझ्या दृष्टीने ते पुरेसं आहे.

म्हणून तुम्हा सर्वांकडे एक मागणं आहे. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी आपल्या महाडच्या घराघरांत शिरलं. माणसं वाचली त्या घरांत कागद कोण बघतो? कितीतरी ट्रंका चिखलासकट बाहेर फेकल्या गेल्या. जे माळ्यावर होतं तेवढं राहिलं असेल. आजोबांच्या नावाची पैसा फंडाची पावती, स्वराज्य फंडाची चिठ्ठी, १९६२ साली संरक्षण निधीला दिलेल्या अंगठीची पोच, सहकारी सोसायटीचा भागदाखला, एखादी देशमुखांच्या सहीची नोट. विकायचं म्हणून नको, पण एकदा बघा. सापडलं तर दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढा आणि मागे कोणाचं, कुठलं, कसं मिळालं हे आजच लिहून ठेवा. आपल्यानंतर ते सांगणारं घरात कोणी उरणार नाही.

फोटोंची एक प्रत शाळेला द्यायची माझी तयारी आहे. छपाईचा आणि फायलींचा खर्च मी करीन. आपल्या शाळेतल्या मुलांना इतिहासाच्या तासाला डी व्हॅलेरा यांच्या सहीशेजारी त्यांच्याच आळीतल्या कोणा पणजोबांचं नाव असलेली चार आण्यांची पावती पाहायला मिळाली, तर सनावळ्या पाठ करायला त्यांना आपल्याइतका त्रास होणार नाही.